वेब शिकायचंय? वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावच्या वाचनालयात आम्ही संध्याकाळी इंटरनेट, वेब डिझाईन आणि ऑनलाइन संवाद यांचा पाया शिकवतो. येणाऱ्यांत बारावीची पोरं असतात, बचत गटाच्या ताया असतात, सेतू केंद्र चालवणारे असतात, आणि मुलगा पुण्याला म्हणून व्हिडिओ कॉल शिकायला आलेले एखादे आबाजीही. प्रश्न जसे विचारले तसेच ठेवलेत. भाषा सुधारत बसलो असतो तर विचारणाऱ्याची निम्मी अडचण त्यातच हरवली असती.

मोबाईल तं चालवता येते. मंग शिकाचं काय रायलं?

मोबाईल चालवता येतो म्हणजे दुसऱ्यानं बनवलेलं वापरता येतं. हे कमी नाही. पण गटानं केलेल्या मुगवड्यांचा फोटो स्टेटसला टाकला की २४ तासांनी तो जातो, आणि असतो तेव्हाही ओळखीच्यांनाच दिसतो. नागपुरातला कुणी घरगुती मुगवड्या शोधत असेल, तर त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही. तीच माहिती एका साध्या वेबपेजवर असली तर तिला पत्ता असतो. तो पत्ता कुणालाही पाठवता येतो, पाकिटावर छापता येतो, आणि शोधणाऱ्याला सापडू शकतो. आपली गोष्ट आपल्या पत्त्यावर, आपल्या भाषेत, स्वतः मांडता येणं एवढंच आम्ही शिकवतो. वेबपेज लिहायची भाषा एचटीएमएल, पानं ठेवणारा सर्व्हर, ईमेल हे सगळं त्याच्या पोटात येतं.

इंटरनेट अन् वेब एकच ना?

नाही. इंटरनेट म्हणजे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारं जाळं, आणि वेब म्हणजे त्या जाळ्यावरून चालणारी अनेक कामांपैकी एक. जाळ्याची सुरुवात अमेरिकेत १९६९ साली अर्पानेट म्हणून झाली. कॉम्प्युटरांनी आपसात बोलायचे, आज वापरतो ते टीसीपी-आयपी नावाचे नियम त्यावर १ जानेवारी १९८३ पासून लागू झाले. वेब त्यानंतरचं. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये त्याचा प्रस्ताव मांडला, आणि १९९१ मध्ये ते बाहेरच्या जगासाठी खुलं झालं. भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. ईमेल आणि व्हॉट्सॲप कॉल इंटरनेटवरून जातात, पण ते वेब नव्हेत.

ह्या सगळ्या सनावळीत आम्ही एक तारीख पाठ करायला लावतो: ३० एप्रिल १९९३. त्या दिवशी सर्ननं वेबचं तंत्र सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं. वेबपेज बनवायला आजही कुणाचं लायसन लागत नाही ते त्यामुळे. तलाठ्याचा दाखला नको, कुणाची सही नको. आमच्याकडच्या माणसाला हे लवकर खरं वाटत नाही.

‘सर्व्हर डाऊन’ म्हंजे नेमकं काय डाऊन रायते?

ह्या एका प्रश्नावर वर्गाचा अख्खा तास जातो, आणि जायलाच पाहिजे.

समजा तुम्ही घाटंजीत बसून सातबारा पाहायला महाभूलेख उघडताय. तुम्ही नाव टाकता, पण यंत्रांना लागतो आकडा, म्हणजे आयपी पत्ता. म्हणून फोन आधी डीएनएस नावाच्या सेवेला विचारतो, ह्या नावाचा आकडा कोणता? ही सोय १९८३ पासूनची; त्याआधी सगळ्या नावांची एकच यादी असायची आणि तिचीच प्रत सगळीकडे ठेवत. आकडा मिळाला की फोन त्या पत्त्यावरच्या कॉम्प्युटरकडे, म्हणजे सर्व्हरकडे, पान मागतो. ही मागणी टॉवरपर्यंत हवेतून जाते आणि तिथून पुढे बहुतेक ठिकाणी जमिनीखालच्या फायबरमधून. उत्तर छोट्या छोट्या तुकड्यांत येतं. तुकडे मागेपुढे आले तरी फोन ते क्रमानं जुळवतो, एखादा हरवला तर पुन्हा मागवतो. रेंज कमी असताना पान अर्धवट येऊन अडकतं ते ह्या पुन्हा-पुन्हा मागवण्यामुळे.

ह्यातली कोणतीही कडी तुटली तरी आपल्याकडे त्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणायची पद्धत आहे. तपासायचं कसं? आधी दुसरी एखादी साईट उघडा. तीही उघडत नसेल तर बिघाड आपल्या बाजूला आहे: रेंज गेली, डेटा संपला, नाहीतर रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली. बाकी सगळं उघडतं आणि हीच साईट अडते, तर पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. ४०४ म्हणजे सर्व्हर जागेवर आहे, फक्त तुम्ही मागितलेलं पान तिथे नाही. पत्ता चुकला असेल किंवा त्यांनी पान हलवलं असेल. ५०० किंवा ५०३ दिसलं तर गडबड खरोखर त्यांच्याकडे आहे. मग दहा वेळा रिफ्रेश मारून गर्दीत भर घालू नका, पहाटे प्रयत्न करा. ‘सेशन संपलं’ असं आलं तर फॉर्म भरायला वेळ जास्त लागला. सगळी माहिती आधी वहीत लिहून घ्या, बँकेचा आयएफएससी कोडसुद्धा, आणि मग भरायला बसा.

सेतूवाल्यानं ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणून परत पाठवलं, तर पडद्यावर काय आलंय तेवढं दाखवा म्हणावं. चढ्या आवाजात नको. त्याचाही दिवस त्यातच जातो.

आमच्या गावात रेंजच नाई. शिकता येईन काय?

येईल, आणि हे ऐकून लोक चमकतात. एचटीएमएलची फाईल ही साधी मजकुराची फाईल असते. ती लिहायला नेट लागत नाही, आणि आपल्याच फोनमध्ये सेव्ह करून क्रोममध्ये उघडून पाहायलाही नेट लागत नाही. नेट लागतं ते ती जगाला दाखवायची असेल तेव्हा. मेळघाटातला किंवा भामरागडकडचा मुलगा महिनाभर घरी बसून पानं करू शकतो आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला आला की एकदम चढवू शकतो. शिकण्याचं साहित्यही असंच घेऊन जायचं: व्हिडिओ वाय-फायवर उतरवून ठेवा, लेख पीडीएफ करून ठेवा.

कमी रेंजच्या गावातल्या मुलांचा एक गुण मात्र खरंच दिसतो. ती हलकी पानं बनवतात. जड पान उघडायला काय त्रास होतो ते त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

लॅपटॉप घ्याच लागते काय?

सुरुवातीला नाही. अँड्रॉइड फोनवर एकोड किंवा एसपीसीके एडिटर ही फुकट ॲप चालतात. ओटीजी केबल (फोनला बाहेरचं यंत्र जोडायची वायर) लावून साधा कीबोर्ड जोडला की बोटांना आराम. पुढे घ्यायचा झाला तर जुना लॅपटॉप घ्या, डेस्कटॉप नको. लोडशेडिंगमध्ये लाईन गेली की डेस्कटॉपवरचं सेव्ह न केलेलं काम गेलं, लॅपटॉपला निदान बॅटरी असते. ८ जीबी रॅम आणि एसएसडी (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवण) असलेला पाहा, बाकी चकचकाटाला भुलू नका.

एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट... कोनतं आधी?

ह्याच क्रमानं.

एचटीएमएल सांगते, हा मजकूर काय आहे. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा फोटो, ही लिंक. टोकदार कंसात खुणेचं नाव रोमन लिपीत लिहायचं, पुढे आपला मराठी मजकूर, आणि शेवटी तिरप्या रेघेसह तीच खूण पुन्हा लिहून ती बंद करायची. पंधरा-वीस खुणांत पहिलं पान उभं राहतं. फोन नंबरला लिंक करून तिच्यात ‘टेल’ असं लावलं की नंबरवर बोट ठेवताच कॉल लागतो. ही एक ओळ दाखवली की वर्गातल्या दुकानदाराचे डोळे चमकतात.

सीएसएस सांगते, ते दिसावं कसं. रंग, अंतर, अक्षराचा आकार, फोनवर एक रांग आणि मोठ्या पडद्यावर दोन. तिची पहिली अधिकृत आवृत्ती १९९६ ची.

जावास्क्रिप्ट पानाला हालचाल देते: बटण दाबल्यावर हिशेब करणं, फॉर्ममध्ये नंबर १० आकडी आहे का ते पाहणं. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिचं पहिलं रूप अवघ्या १० दिवसांत लिहिलं, आणि तिच्यातल्या काही विचित्र गोष्टी त्या घाईच्या आहेत असं म्हणतात. पोरांना थेट इथेच उडी मारायची असते, कारण यूट्यूबवर तेच चमकतं. मग दोन आठवड्यांनी ती ‘सर, चालून नाही राहिलं’ म्हणत येतात, आणि पाहावं तर एचटीएमएलची खूणच बंद केलेली नसते.

दुसऱ्याचं पान आतून कसं आहे ते बघायची सवय लावा. कॉम्प्युटरवर राईट क्लिक करून ‘पेज सोर्स’ पाहिलं की उघडं पडतं. कुणी लपवलेलं नाही. आमच्या मते शिकायची सगळ्यात चांगली आणि फुकट शाळा तीच.

मराठी टाकलं तं चौकोन, नाईतं प्रश्नचिन्हं दिसतात. काहून?

तीन वेगवेगळे रोग आहेत.

पहिला, फाईल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायच्या पद्धतीत, सेव्ह केलेली नाही किंवा पानाच्या डोक्यात तसं लिहिलेलं नाही. तेवढी ओळ घाला, बरं होतं.

दुसरा, मजकूर कृतिदेव ह्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. डीटीपीवाल्यांकडून, छापखान्यातून, जुन्या कार्यालयीन फायलींतून येणारा मजकूर हमखास असा असतो. कृतिदेवमध्ये तुम्हाला ‘क’ दिसतो, पण फाईलच्या पोटात इंग्रजी डी असतो. फॉन्टनं त्याला फक्त ‘क’चं सोंग दिलेलं असतं. फॉन्ट नसलेल्या फोनवर सोंग उतरतं आणि इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. उपाय म्हणजे कन्व्हर्टरमधून युनिकोड (प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणारी पद्धत) करून घेणं, आणि मग डोळ्यांखालून घालणं. जोडाक्षरं आणि रफार ह्यांत कन्व्हर्टर हमखास अडखळतो.

तिसरा रोग खास आपल्या मुलखाचा. ‘वऱ्हाड’ हा शब्द टाइप करून बघा. र, हलन्त, ह असं टाकलं की ‘वर्हाड’ होतं, रफार ह च्या डोक्यावर जाऊन बसतो. हवा असतो तो आडवा र. त्यासाठी कीबोर्डवर ‘ऱ’ हे खाली टिंब असलेलं वेगळं अक्षर आहे. इनस्क्रिप्ट ह्या कीबोर्ड मांडणीत शिफ्ट धरून र ची कळ दाबली की येतं. त्यापुढे हलन्त आणि ह. दुसरीही एक वाट आहे, र आणि हलन्तानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह टाकायची. दोन्ही वाटांनी डोळ्यांना एकच ‘वऱ्हाड’ दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. साध्या शोधात एक टाकला तर दुसरा सापडेलच असं नाही. वऱ्हाडी ठेचा विकणाऱ्यानं आपल्या पानावर एकच पद्धत शेवटपर्यंत पाळावी, आणि ती ‘ऱ’ वाली असावी.

मराठी पान सजवतानाचंही इथेच सांगून टाकतो. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवतात. तीच सेटिंग मराठीला लावली की शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. लावू नका. ओळींमधलं अंतर मात्र इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, अक्षराच्या उंचीच्या दीडपटीहून थोडं अधिक, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसतात. पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये लिहायला विसरू नका. वाचून दाखवणाऱ्या साधनांना त्यावरून कळतं. फॉन्टसाठी ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो देवनागरी’ घ्या, दोन्ही मोफत आहेत.

वेब डिझाईन म्हंजे रंगरंगोटीच ना?

नाही हो. गिऱ्हाईक काय शोधत आलंय ते त्याला किती लवकर सापडतं, ते डिझाईन. कृषी केंद्राची साईट घ्या. जूनमध्ये शेतकरी ती उघडतो तेव्हा तो बांधावर उभा असतो, डोक्यावर ऊन, हातात फोन, दुसऱ्या हातात कपाशीच्या बियाण्याचं पाकीट. त्याला दुकान उघडं आहे का, अमुक वाण आहे का, आणि नंबर काय एवढंच पाहिजे. त्याला आधी दिसतं काय? सरकता ‘सुस्वागतम’, तीन फोटोंचा स्लायडर, त्यातला एक पंजाबातल्या गव्हाचा. नंबर सगळ्यात खाली, फिकट करड्या रंगात. उन्हात करडा दिसतच नाही. पांढऱ्यावर काळं लिहा, नंबर वर आणा, वेळ त्याच्या शेजारी लिहा. झालं डिझाईन.

फोटोचं वजन हा आमचा लाडका विषय. आजच्या फोनचा एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. रेंज कमी असलेल्या गावात १ एमबीपीएस वेग मिळाला तर तेवढा एक फोटो उतरायला अर्धा मिनिट लागतो. असे पाच फोटो टाकले की माणूस फोन खिशात टाकून निघून जातो. तोच फोटो १२०० पिक्सेल रुंदीचा करून वेबपी किंवा जेपेगमध्ये सेव्ह केला तर दीड-दोनशे केबीत बसतो, आणि फोनवर फरक कळतही नाही. प्रत्येक फोटोला पर्यायी मजकूर द्या. फोटो उतरला नाही तर तो वाचता येतो, आणि डोळ्यांनी न दिसणाऱ्याला फोन तोच वाचून दाखवतो.

पान फोनवर मुंगीएवढं दिसत असेल तर व्ह्यूपोर्टची ओळ, म्हणजे पान फोनच्या रुंदीत बसवायला सांगणारी एचटीएमएलची ओळ, राहिली आहे. बहुतेकांची राहते.

वर्डप्रेसवर तयारच भेटते म्हने?

मिळते. वर्डप्रेस हे साईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, चांगलं आहे, आणि वारंवार मजकूर बदलायचा असेल तर तेच घ्या. पण त्याला अपडेट करत राहावं लागतं. सोडून दिलेल्या वर्डप्रेस साईटवर दुसऱ्याच कुणाच्या जाहिराती लागलेल्या असतात. चार पानांचं काम असेल तर साधं एचटीएमएल पुरतं आणि त्यात घुसायला फारसं काही नसतं.

डोमेन, होस्टिंग... पैसे किती लागतात?

डोमेन म्हणजे साईटचं नाव. ते विकत मिळत नाही, मक्त्यानं मिळतं. मक्त्यानं केलेल्या वावरासारखंच आहे: पैसे भरले तोवर तुमचं, चुकवले की दुसरा करायला मोकळा. डॉट इन नावाला वर्षाचा मक्ता साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर पडतो. पहिल्या वर्षी स्वस्त देऊन दुसऱ्या वर्षी चढवायची पद्धत आहे, म्हणून नूतनीकरणाचा दर आधी पाहा. देवनागरीत ‘डॉट भारत’ही २०१४ पासून मिळतं. दिसायला सुंदर, पण कार्डावर छापाल तर सोबत रोमन पत्ताही द्या, सगळ्यांना मराठी टाइप करता येत नाही.

होस्टिंग म्हणजे फाईल ठेवायची जागा. साध्या पानांना गिटहब पेजेस फुकट आहे, पत्ताही फुकट मिळतो. आमच्या वर्गातली सगळी पानं तिथेच असतात.

एक मात्र बजावून सांगतो. साईट कुणाकडून करून घेतली तरी डोमेन आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर घ्या. करून देणारा स्वतःच्या नावावर घेतो, दोन वर्षांनी त्याचा फोन लागत नाही, आणि पाकिटावर छापलेला पत्ता हातचा जातो.

पेज टाकलं, पन गूगलवर दिसतच नाई.

काही दिवस थांबा, आणि गूगल सर्च कन्सोलमध्ये पत्ता कळवा. दुकान असेल तर गूगल मॅपवरची नोंद आधी करा, ती साईटच्याही आधी कामी येते. पानावर लोक शोधतात ते शब्द असू द्या. ‘दर्जेदार उत्पादने’ कुणी शोधत नाही; ‘वरुड संत्री अंबिया बहार’ शोधतात. नागपुरी संत्र्याला, वायगावच्या हळदीला आणि भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तुमचा माल त्या भागातला असेल तर गावाचं नाव ठळक लिहा. नसेल तर लिहू नका.

व्हॉट्सॲप हाये ना, मंग ईमेल काहाले?

कारण नोकरी, बँक, शिष्यवृत्ती आणि सरकारी अर्ज ह्यांची चावी ईमेलपाशी असते. आपल्याकडे घोळ असा, की अर्ज भरताना सेतूवाला घाईत स्वतःचाच ईमेल टाकतो. महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलचा पासवर्ड बदलायची वेळ आली की संदेश जातो त्याच्याकडे, आणि तोवर त्यानं केंद्र बंद करून दुसरा धंदा धरलेला असतो. म्हणून पहिल्याच दिवशी आम्ही प्रत्येकाचा ईमेल उघडायला लावतो. नाव साधं ठेवा, आडनाव आणि आद्याक्षरं. ‘किंग’, ‘डॉन’, ‘रॉयल पाटील’ नको. अर्ज वाचणारा हसतो. पुनर्प्राप्तीचा (पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवायचा) नंबर चालू असलेला ठेवा. रिचार्ज न केलेला नंबर बंद पडतो आणि काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्याला देते. मग तुमचा ओटीपी कुणा परक्याला.

लिहायचं कसं? विषयाच्या ओळीत काम लिहा: ‘पीक विमा तक्रार, गट क्रमांक अमुक, गाव अमुक’. ‘नमस्कार’ हा विषय नव्हे. पहिल्या दोन ओळींत काय झालं आणि काय पाहिजे ते लिहा, तपशील नंतर. शेवटी पूर्ण नाव आणि नंबर. जोडलेल्या फाईलला नाव द्या. ‘स्कॅन ००३’ अशा पन्नास फायली साहेबाकडे आलेल्या असतात. जीमेलवर २५ एमबीपर्यंत जोडता येतं, त्यापेक्षा जड असेल तर ड्राइव्हची लिंक द्या आणि ती उघडायची परवानगी दिली का ते तपासा. अनेकांना एकच पत्र पाठवायचं आणि एकमेकांचे पत्ते दाखवायचे नसतील तर बीसीसी.

तक्रार ईमेलवर केली की तारीख-वेळेसह पुरावा राहतो. फोनवर ‘हो हो, करतो’ म्हणणारा साहेब ईमेलला उत्तर देताना जरा सावध होतो.

गटाच्या ग्रुपवर कोनी कामाचं वाचतच नाई.

कारण कामाचं वर सरकून जातं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ पर्यंत माणसं बसतात, आणि त्यातल्या दहांनी सकाळी फुलं टाकली की बैठकीचा निरोप गडप. सूचनांचा ग्रुप वेगळा करा आणि त्यात फक्त अध्यक्ष-सचिव लिहू शकतील अशी सेटिंग लावा. निरोपात वार, तारीख, वेळ, जागा चारही लिहा. ‘उद्या’ लिहू नका. तुमचा ‘उद्या’ कुणी तिसऱ्या दिवशी वाचतो. बाजारभावाचा स्क्रीनशॉट तारखेशिवाय पुढे ढकलू नका. मागच्या वर्षीचा कापसाचा भाव पाहून गाडी भरणारे लोक आहेत.

फसवनुकीचं काय? नेट शिकून अधिक फसन तं?

न शिकलेलाच जास्त फसतो. हल्ली सगळ्यात घातक आहे ती व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाईल. तिला नाव असतं ‘पीएम किसान यादी’, ‘आरटीओ चलान’ नाहीतर ‘लग्नपत्रिका’. पत्रिका कधी एपीके नसते. एपीके म्हणजे ॲप. ते बसवलं की तुमचे एसएमएस, म्हणजे ओटीपी, दुसऱ्याच्या हातात. ओळखीच्या नंबरावरून आली तरी उघडू नका, त्याचाच फोन आधी गेलेला असतो.

पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कधीच नाही. पत्त्याआधी कुलूप किंवा एचटीटीपीएस दिसलं म्हणजे मधल्या वाटेत कुणी वाचू शकत नाही एवढंच. पलीकडचा माणूस सज्जन आहे असं कुलूप सांगत नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ह्या हेल्पलाईनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या-पुढच्या खात्यांत पांगतात.

सरपंच म्हंते ग्रामपंचायतीची वेबसाईट बनवून दे. काय टाकू?

ग्रामसभेची तारीख आणि ठराव, दाखल्यांना लागणारी कागदपत्रं, घरपट्टी-पाणीपट्टी कुठे भरायची, कार्यालय उघडण्याची खरी वेळ. सरपंचाचा मोठा फोटो टाकायचा आग्रह होईलच, टाका, पण फोटो हलका करून. लाभार्थ्यांच्या याद्या टाकताना आधार क्रमांक, बँक खातं, मोबाईल नंबर काढून टाका. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झालेला आहे, आणि कायदा नसता तरी शेजाऱ्याचा खातेनंबर चावडीवर लावायची गोष्ट नव्हे.

इंग्रजी येत नाई मले.

चालेल. खुणांची नावं पाठ होतात. चूक दाखवणारा संदेश तेवढा शब्द न् शब्द वाचायची सवय लागते, भाषांतराला फोन आहेच. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलवर बरेच विषय मराठी आवाजात आहेत. ऑनलाइन अभ्यासक्रमांचं केंद्र सरकारचं स्वयम आहे, नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची अभ्यासकेंद्रं आहेत. पुढे जाल तसं इंग्रजी वाचायला लागेलच, पण ती पहिल्या दिवसाची अट नाही.

एमएस-सीआयटी झालं हाये. पुरे नाई काय?

सरकारी भरतीसाठी ते लागतं, करा. कॉम्प्युटरची भीती जाते. वेब डिझायनर मात्र त्यानं होत नाही, त्याचा तो दावाही नाही. दावा करणारे क्लास वेगळेच: ‘तीन महिन्यांत शंभर टक्के नोकरी’. फी भरण्याआधी त्यांना एकच विचारा, तुमच्या मुलांनी बनवलेली, आज चालू असलेली पाच पानं दाखवा.

आता एआय सगळं बनवून देते. शिकाचं काहाले?

बनवून देतं, आणि आम्हीही वापरतो. पण त्यानं बचत गटाच्या पानावर मनानंच एक फोन नंबर ठोकून दिला तर ते ओळखायला आणि बदलायला एचटीएमएल वाचता आलं पाहिजे.

पोरीले संध्याकाळी पाठवाचं कसं?

दुपारी १ ते ३ ची वेगळी बॅच आहे, फक्त मुली आणि महिलांची. शिकवणाऱ्या ताईच आहेत. आईलाही पाठवा.

नोकरी लागते काय, खरं सांगा.

वर्ग करून लगेच, नाही. पुण्याच्या कंपन्यांना ह्याच्या कितीतरी पुढचं लागतं, आणि तिथे पदवीधरांची रांग आहे. पण तालुक्याच्या गावी शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, ठिबकवाले, संत्र्याचे बागाईतदार ह्यांना साधी, मराठीतली, फोनवर नीट उघडणारी पानं आणि मॅपवरच्या नोंदी पाहिजे असतात, आणि त्यांना ते करून देणारं जवळ कुणी नाही. आमच्याकडची काही पोरं ते काम करतात. शेती सोडण्याएवढा पैसा त्यात नाही, पण हात मोकळा राहतो. पुढे जायचं असेल तर केलेली पानं हाच तुमचा बायोडेटा. दर ठरवताना दुरुस्तीचे पैसे वेगळे सांगा, नाहीतर गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत फुकटात फोटो बदलून घेतं.

पहिल्या दिवशी काय घेऊन याचं?

चार्ज केलेला फोन, वही, आणि चालू असलेला नंबर. ज्या गोष्टीचं पान करायचं आहे तिचे दोन-तीन फोटो स्वतः काढून आणा. गूगलवरून उचललेले चालणार नाहीत. विषय सुचत नसेल तर घरी विचारा, गावातले लोक तुमच्या घरी काय मागायला येतात. फी नाही, वाचनालयाची वर्गणी तेवढी भरा.